साडूचा सल्ला अन् नवीन व्हर्जन

शहरातल्या आमच्या गारखेड्यात घरी बसून कंपन्यांचे प्रोग्राम बनवणारा पहिला माणूस मीच. कंपन्या म्हणजे एकच होती, अन् तिच्यात मालक, त्याचा भाऊ अन् चार पाण्याचे टँकर, एवढंच होतं.

त्या दुष्काळात शहर असं वाढत होतं, की बिल्डिंगीत लिफ्ट चालू व्हायची पण नळ कोरडेच. टँकर आलाच नाय म्हणून माणसं भांडायची. म्हणून कोणता टँकर कुठं, किती वाजता रिकामा झाला, हे दाखवणारा प्रोग्राम मालकाला सोमवारी सकाळी पाहिजे होता. माझं एकुलतं एक गिऱ्हाईक. मी नववी नापास, क्लासातल्या खुर्च्या पुसता पुसता कॉम्प्युटर शिकलेला. हे काम गेलं की परत फडकं हातात.

माझा धाकटा साडू मात्र इंजिनियर, शेंद्र्याच्या एमआयडीसीत मोठ्या कंपनीत. सासुरवाडीत तो आला की सासरा सरकून जागा द्यायचा. मी आलो की म्हणायचा, "बरं झालं आलात, जरा पंखा बघा."

शुक्रवारी त्याच्या घरी गेलो, तर मी ज्या सॉफ्टवेअरात प्रोग्राम बनवायचो त्याचंच नवीन व्हर्जन याच्या लॅपटॉपवर. काळी स्क्रीन, रंगीत अक्षरं. पोटात असं जळालं की वरून पाणी प्यायलो तरी इझंना.

"मी बी टाकू का हे?" मी सहज इचारल्यासारखं केलं.

"सोमवारी काम देऊन टाका भाऊ, मग टाका," साडू म्हणला. "आत्ता हात लावू नका, चालू हाय ते बी बंद पडंल."

शहाण्याला यात सल्ला ऐकू आला असता. मला ऐकू आलं, की याला आपली बरोबरी नको. "व्हय, सोमवारनंतरच टाकतो," म्हणून मी त्याच्याकडूनच ते पेनड्राईव्हवर घेतलं, अन् शनिवारी सकाळी जुनं काढून नवीन टाकलं.

स्क्रीन काळी झाली. कौतुकानं बायकोला बोलावलं.

"लाईट गेली का?" ती म्हणली.

मग प्रोग्राम चालवला. नुसत्या लाल ओळी. त्यांचा अर्थ लावायला इंग्रजी पाहिजे, अन् नववीला मी इंग्रजीतच तर गचकलो होतो. रविवारी दुपारपर्यंत मेहनत करून त्या ओळी मी दुप्पट केल्या.

शेवटी बायकोनंच बहिणीला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी, भर उन्हात साडू आला. "सांगितलं होतं ना," असं एकदा बी म्हणला नाय, त्याचा तर मला लईच राग आला. त्यानं नवीन काढलं, जुनं बसवलं, माझ्या प्रोग्रामची शुक्रवारची एक कॉपी मशीनीत कुठंतरी पडली होती ती हुडकली. मी मागं उभा. काम माझं, गिऱ्हाईक माझं, अन् मनात म्हणतोय, देवा, याच्या हातून होऊ देऊ नको.

झालं. टँकरांची यादी होती तशी समोर आली.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणलं, "सोपंच होतं गं. हे नवीन व्हर्जन मला आधी मिळालं असतं ना, तर आज मी बी शेंद्र्याला असतो."

तिनं चहा गाळता गाळता मान बी वर केली नाय. "जुनंच कुठं धड येतंय तुम्हाला? हा कप तेवढा नेऊन द्या त्यांना."