झेंड्याशेजारचा निळा

सुनयनाक्का साड्यांचे फोटो काढते. बेळगावच्या खासबागेत तिची एक खोली आहे. उत्तरेची खिडकी, पांढरी भिंत, लाकडी दांडी. शेजारच्या वडगावच्या मागावरून उतरलेली साडी त्या दांडीवर टाकायची, उजेड पाहायचा, फोटो काढायचा. फोटोखालचा मजकूर मी लिहिते. मराठी घेऊन बीए केल्याचा मला आजवर झालेला एवढाच उपयोग.

आक्का मूळची बोरगावची. बेळगावात आली ती एका छापखान्यात. तिथं ती लग्नपत्रिका आणि पोस्टरांची मांडणी करायची. हळदीचा पिवळा हळदीसारखाच छापला पाहिजे म्हणून मशीन थांबवायची. मालक म्हणायचे, "सुनयना, पत्रिका पाव्हण्यांना द्यायची हाय, परीक्षेला बसवायची न्हाय." तरी ती थांबवायची. पुढं छापखाना सुटला, रंगाचा हट्ट राहिला.

शालूबाई आमच्या वडगावच्या गल्लीतली. ती आणि तिचा नवरा मष्णू घरातच दोन माग चालवतात. इतकी वर्षं सूत शेठचं, साडी शेठची, यांची नुसती मजुरी. या वर्षी पहिल्यांदा तिनं स्वतःच्या नावावर ऑर्डर घेतली. बोरगावच्या महिला मंडळाला भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी साड्या हव्या होत्या. सगळ्यांना सारख्या, निळ्या, पांढऱ्या काठाच्या. मंडळात आसपासच्या गावांतल्या बायकाही होत्या. आक्कानं शालूबाईचं नाव सुचवलं.

"ही ऑर्डर गेली तर परत शेठचं सूत," शालूबाई मला म्हणाली. "मग मष्णू मला दुसऱ्यांदा धाडस करू देणार न्हाय."

नमुन्याची साडी झाली. आक्कानं फोटो काढला, मी खाली 'नीलमण्याचा निळा' असं लिहिलं आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. थोड्याच वेळात मंडळाच्या अध्यक्षा गुणाबाईंचा फोन आला.

"सुनयना, नीलमणी कुणी बघितलाय गं? हा वांग्याचा रंग हाय. वांगं नेसून मिरवणुकीत जाऊ व्हय?"

आक्कानं साडी पुन्हा उलगडली. साडी निळीच होती. तिच्या कॉम्प्युटरवरही निळीच. माझ्या मोबाइलवर मात्र मळकट, जांभळ्याकडे झुकलेली. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात तोच फोटो उघडला तर तिसराच रंग. आक्का कॉम्प्युटरसमोर बसली. मी घरी येताना वाटेत शालूबाईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शालूबाईच्या घरात सूत नव्हतं.

"रंगाऱ्याकडं दिलंय," ती म्हणाली. "फोटोत निळं दिसंना. जरा हिरवट मारून दे म्हटलं, म्हंजे फोटोत बरोबर येईल."

मी आक्काला फोन केला. आक्का स्कूटर घेऊन आली आणि मला मागं बसवून थेट रंगाऱ्याकडं गेली. सुताची एक लड बाहेर वाळत होती. मोरपिसाच्या देठाकडचा असतो तसा रंग. बाकीचं निळं सूत अजून रंगात बुडवलेलं नव्हतं. ते आम्ही परत आणलं.

"साडी बरोबर हाय गं," आक्का शालूबाईला म्हणाली. "फोटो चुकलाय."

"बायका फोटोच बघत्यात की. साडी कुठं बघत्यात?"

मष्णू मागावरून हात न काढता म्हणाला, "शेठ बरा हुता. त्यो साडी तरी बघायचा."

आक्का खाली बसली. "शाले, कुणी म्हटलं सहा कापड दे, तर काय देशील?"

"सहा काय? वार का मीटर?"

"तेच ते. फोटोत रंगाचे नुसते आकडे असत्यात. ते कुठल्या मापानं वाचायचे, त्याची चिठ्ठी फोटोसंगं जाती. माझा कॉम्प्युटर चिठ्ठी वाचतो. काही मोबाइल वाचत न्हाईत. पाठवताना कधी चिठ्ठीच गळती. मग मी वारात लिहिलेलं ते मीटरात वाचत्यात."

"मग तू मीटरात का लिहिलं न्हाईस?"

"छापखान्याची सवय," आक्का म्हणाली. छपाईला रंगांचा मोठा पट्टा लागतो. कॅमेऱ्याचं सेटिंग तिनं त्याच हिशोबानं ठेवलं होतं. मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी लहान, सगळीकडे चालणारा पट्टा हवा होता. तिनं फोटो त्या पट्ट्यात बदलला, माझ्या मोबाइलवर पाहिला, झेरॉक्सच्या दुकानात पाहिला आणि ग्रुपवर टाकला.

मला वाटलं, संपलं.

गुणाबाईंचा परत फोन. "काल वांगं, आज निळं. कॉम्प्युटरवर रंग मारलास न्हवं? बायका म्हणत्यात, भीमसेनची पोरगी असून आम्हाला फसवती."

भीमसेन म्हणजे आक्काचे वडील. बोरगावच्या बुद्धविहाराच्या बांधकामात विटा वाहिलेले. ते आता नाहीत. आक्कानं फोन ठेवला, साडी पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "चल."

निपाणीत एसटी बदलून आम्ही बोरगावला गेलो. विहाराच्या अंगणात गुणाबाई आणि शेजारच्या काही बायका जमल्या. गुणाबाईंनी साडीचा पदर हातात घेतला, दारातल्या निळ्या झेंड्याजवळ गेल्या आणि पदर झेंड्याला लावून धरला. तिथल्या बायका कुठलाही निळा असाच बघतात, हे मला माहीत नव्हतं. आक्काला माहीत होतं. बेळगावात ती विसरली होती.

"हाय की गं निळा," गुणाबाई म्हणाल्या. "पर मी एकटी बघून काय उपयोग? बाकीच्या गावांतल्या बायका फोटोच बघणार. त्यांनी काय म्हणून मानायचं?"

आक्कानं मोबाइल बाहेर काढला. मग म्हणाली, "गुणाक्का, हलू नका. असाच धरा पदर."

तिनं फोटो काढला. झेंडा, पदर आणि गुणाबाईंचा बांगड्यांचा हात. तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला. मग एकेकीचा मोबाइल मागून घेतला. एकीवर निळा भडक दिसत होता. एकीवर फिका. एकीची काच तडकलेली, तिच्यावर जवळजवळ राखाडी. पण प्रत्येक मोबाइलवर झेंडा जसा होता, तसाच पदर होता. दोन्ही भडक, नाहीतर दोन्ही फिके. आणि झेंड्याचा रंग कुणाला सांगायला लागत नव्हता.

मी नुसती बघत राहिले. इतके दिवस मी रंगाला नावं देत होते.

ग्रुपवर पहिलं उत्तर निपाणीहून आलं. "झेंड्याचाच हाय. चालंल." मग इतरांची येत राहिली.

आक्कानं तिथूनच शालूबाईला फोन लावला. "सूत मागावर चढव."

पलीकडून आधी मागाचा आवाज आला. मग तो थांबला. "मष्णू विचारतोय, नक्की का?"

"त्याला म्हणावं, यावेळी बायकांनी साडी बघितलीया."

भीमजयंतीला बोरगावात सगळ्या एका रंगात निघाल्या. शालूबाई मुद्दाम गेली होती. मंडळातल्या चौघींनी तिचा नंबर घेतला म्हणाली. शेठचं सूत तिच्या दारात पुन्हा आलं नाही.

आता आक्काच्या फोटोत साडीशेजारी काहीतरी ओळखीचं असतं. तांबड्या साडीजवळ ब्याडगी मिरची, पिवळीजवळ हळकुंड, हिरवीजवळ विड्याचं पान. मजकूर मी अजून लिहिते, पण रंगाचं नाव लिहीत नाही. वीण, काठ, लांबी लिहिते. लांबी मीटरात, असं स्पष्ट लिहिते.

रंगाऱ्याकडं वाळलेल्या त्या लडीचं सूत शालूबाईनं ठेवून दिलं होतं. पुढं त्यात आडवे धागे पांढरे घालून तिनं एक साडी विणली आणि आक्काला दिली. आक्का ती नेसत नाही. नवा मोबाइल किंवा नवं सॉफ्टवेअर आलं की आधी त्या साडीचा फोटो त्यात उघडून बघते, साडी मांडीवर घेऊन.

परवा मी विचारलं, "हा रंग नेमका कुठला म्हणायचा?"

"शालू माझ्या फोटोला घाबरली, त्याचा," आक्का म्हणाली आणि घडी घालू लागली.