पट्ट्याच्या तोंडावरचा चर

“पट्टा आमी सोडला सायेब. मंग ही नाली कोनं खंदली?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्याचे नायक, हरसिंगभाऊ, मला चराच्या काठावर उभं करून विचारत होते. चर आमच्याच खात्याने खणला होता. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

मी वनखात्यात सर्व्हेअर होतो. उत्तरेला एक जंगल, दक्षिणेला दुसरं, दोन्ही खात्याच्या वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये, मधे तांड्याची शेतं. जनावरांना एका जंगलातून दुसऱ्यात जायला जी वाट लागते तिला कॉरिडॉर म्हणतात. त्यासाठी तांड्याने झुडपांचा एक पट्टा नांगरायचा नाही, कुंपणही घालायचं नाही, असं मी महिनाभर चकरा मारून ठरवलं होतं. कापसाने मार खाल्लेली ती वर्षं. पऱ्हाटीची एक ओळ कमी लावणंसुद्धा जिवावर येई. कागदावर कोणी सही केली नाही. नायकाने बैठकीत शब्द दिला, आणि तांड्यात तेवढं पुरतं.

आणि आमचं खातं? दक्षिणेच्या डिव्हिजनने नेमकी पट्ट्याच्या तोंडावर सीपीटी खणली. सीपीटी म्हणजे गुरं जंगलात शिरू नयेत म्हणून खणलेला खोल चर. त्यांच्या नकाशात स्वतःच्या हद्दीपलीकडे सगळं पांढरं. तिथे कॉरिडॉर आहे हे दिसणार कुठून? अडलेली जनावरं वळून पऱ्हाटीत शिरू लागली. बाया वेचणीला जायला घाबरू लागल्या, आणि तांडा नायकाला जाब विचारू लागला.

मी दोन्हीकडच्या डिव्हिजनच्या साहेबांकडे खेटे घातले. चर हद्दीवर आहे, तेव्हा दोन्ही डिव्हिजनची संयुक्त पाहणी झाल्याशिवाय घमेलंभर मातीही हलणार नाही, असं दोघांनी सांगितलं. तारीख मात्र कोणी देईना. वेचणी काय यांच्या तारखेसाठी थांबणार होती?

शेवटी मी हरसिंगभाऊंना म्हटलं, “बुजवा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

“तुमची नौकरी जाईन ना सायेब.”

“तुमचा शब्द गेल्यावर त्या नोकरीचं काय लोणचं घालू?”

तांड्याने दोन दिवसांत पट्ट्यापुरता चर बुजवला. जनावरं त्यांच्या वाटेला लागली, बाया वेचणीला. मला मेमो मिळाला आणि बढती लांबली.

चर पुन्हा खणायचा आदेशही निघाला होता. पण त्यालाही संयुक्त पाहणी लागते. मी रिटायर झालो तरी ती अजून व्हायचीच आहे. कॉरिडॉरला आमच्या खात्याची मदत झाली ती एवढीच.