दर्पणची मान

चिंचणीत घरोघरी डाय कोरतात. डाय म्हणजे दागिन्यांचा पोलादी साचा. त्यावर पत्रा ठोकला की पानाफुलांची नक्षी उमटते. दर्पणचे वडील महादू जन्मभर मासेमारीच्या बोटीवर गेले, पण दर्पणला बोट लागायची, म्हणून तो लहानपणीच या कामाला बसला. भिंग लावून, मान खाली घालून वर्षानुवर्षं कोरत राहिला.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. आधी त्याने ती चोळली, मग लपवली. शर्टाची बटणं लागेनात तेव्हा बायकोच्या, हेमालीच्या लक्षात आलं. एकदा अंगणात चालताना तो दारू प्यायल्यासारखा झोकांडला, तशी ती त्याला पालघरला घेऊन गेली.

एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, "मानेतली चकती सरकलीय, मज्जारज्जूवर दाब आलाय. पुढून, गळ्याकडून ऑपरेशन करावं लागेल."

"मग बोटं चांगली होतील ना?"

"त्याची खात्री नाही. आहे ते जाऊ नये म्हणून करायचं. थांबलात तर पायही जातील."

दर्पणला हे पचलं नाही. गळ्याला चीर द्यायची, आणि बोटं मिळतील की नाही ते सांगता येत नाही! महादूंनीही मान हलवली. "मनक्याला सुरी लागलेला मानूस पुना उठत नाय. पट्टा बांद."

त्याने पट्टा बांधला. पण पट्ट्याने भिंगाशी वाकता येईना, आणि काढला की खांद्यापासून बोटांपर्यंत कळ सणकायची. एका बांगडीच्या डायवर छिन्नी घसरली आणि कोरत आणलेली सगळी वेल बिघडली. ती डाय त्याने फडक्यात गुंडाळून ठेवली आणि दातिवऱ्याची वाट धरली.

तिथे त्याची जमनामावशी राहते. डोक्यावर मासळीची टोपली वाहून तिची मान गेली होती. दोन वर्षांपूर्वी तिचं असंच ऑपरेशन झालं होतं. ती ओट्यावर जवळा निवडत बसली होती.

"मावशी, करू का नको?"

"मना नको विचारू. मानेचं दुकनं गेलं, पन टोपली पन गेली. सून बाजारात जाते, मी हितं बसते. कदी वाटतं बरं केलं, कदी नाय वाटत." तिने जवळ्यातला कचरा वेचून बाजूला टाकला. "पलीकडच्या बुधीने नाय केलं. तिला आता दोगी जनी धरून मोरीत नेतात. येवडंच सांगते."

घरी येऊन तो हेमालीला म्हणाला, "बोटांचं सोड. पायांसाठी करू." एवढं बोलला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

मुंबईला ऑपरेशन झालं. महादू सोबत गेले, पण आत आले नाहीत. फाटकाबाहेर बसून राहिले. काही आठवडे दर्पणचा आवाज घोगरा होता, मग मोकळा झाला. चाल सरळ झाली. एका बोटात थोडी जाण आली, दुसरं लाकडासारखंच राहिलं. आता तो डाय घासून साफ करतो. बारीक कोरणं दुसरे करतात. लोक म्हणतात, "वाचलास बाबा." तो मान डोलावतो, आणि घरी येऊन क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो.

परवा हेमाली बोंबील साफ करत होती. त्याने विचारलं, "चूक तर नाय ना केली?"

"मना नाय ठाव," ती म्हणाली. "पन आत्ता तुमी बाजारातून चालत आलात."

त्याने भाजीची पिशवी तिच्याजवळ ठेवली आणि पायरीवर जाऊन बसला.