रिकाम्या शेतातली राखेची रेघ

तवा शेतात मी व्हते, माझ्या धाकट्या बहिणीची पोर व्हती, शाळेतल्या खेळाच्या बाई व्हत्या, आमच्या आळीतल्या पोरी व्हत्या, आणि बांधावर बिडी ओढीत माझा सासरा. एवढीच माणसं.

पोर धरमतरच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांची. बाप आधीच गेलेला. उधाणात खाडीच्या बांधाला खांड पडली, खारं पाणी घरात घुसलं. मायलेकी हात धरून निघाल्या, तो हात सुटला. माझी बहीण गेली, पोर ऱ्हायली. तिला मी माझ्या घरी, कासूला आणली. जेवायची, भांडी घासायची, पण तोंडातनं शब्द नाय. मी रडत बसले नाय, भाताची कापणी आली व्हती.

शेत रिकामं झालं तशी बाईंनी पोरींकडनं ढेकळं तुडवून घेतली, राखेनं रेघा मारल्या, कबड्डी चालू केली. तुडवायला ही आपसूक गेली. मिठागरात जमीन अशीच पायानं बसवतात. पण कबड्डी कबड्डी म्हणणार कोण?

बाई म्हणाल्या, "कच्चं लिंबू घ्या हिला."

म्हणजे खेळायचं, पण आऊट व्हायचं नाय. मुकीच जायची, मुकीच यायची, कोण धरायचं नाय. उतरत्या उन्हात, त्या पिवळ्या धुरळ्यात ती पाण्यावरनं चालल्यागत दिसायची. वाटायचं, माझी बहीणच हाय, परत ल्हान झालेली.

एका संध्याकाळी शेजारची दांडगी पोर वरडली, "किती दिस लिंबू गो? आज धरणार!" आणि हिचा घोटाच धरला. बाकीच्या वर पडल्या. मी उठले, तर बाईंनी हातानं थांबवलं. पोर मातीत सरपटत रेघेकडं हात ताणीत व्हती.

"सोड गो! शिवली मी रेघ!"

"नाय शिवली!"

"शिवली! डोळं फुटलं काय तुजं?"

सासऱ्याची बिडी हातातच विझली.

दांडगी म्हणाली, "बोलता येतंय व्हय? मग आऊट. कबड्डी कुठं म्हणालीस?"

बाईंनी आऊट दिली. पोर माझ्याजवळ येऊन बसली, छाती धपापत व्हती. घोटा लाल झालेला. त्याच्यावरनं हात फिरवीत म्हणाली, "मावशे, तिनं सोडलंच नाय गो. कसं घट्ट धरलं व्हतं."

मी तिच्या केसातली माती काढीत बसले.

वाचणाऱ्यांनो, असं गप पोर तुमच्यात खेळायला आलं तर आधी कच्चं लिंबू घ्या. पण कायमचं ठेवू नका. एक दिस धरा त्याला.