ताटावरची राख

गेल्या उन्हाळ्यात सुमनताईकडे, माझ्या चुलतबहिणीकडे, गेलो होतो. तिचं घर कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राजवळ आहे. मला वाढण्यापूर्वी तिनं धुतलेलं ताट पदरानं पुन्हा पुसलं आणि पदरावर राखाडी पट्टा उमटला.

"सवय झाली रे," ती म्हणाली. "कोळसा जळतो, तर राख येणारच. तुमच्याकडे गच्चीवर सोलर बसवतात म्हणे?"

"बसवतात काही जण," मी म्हणालो आणि भात कालवू लागलो.

आमच्या सोसायटीतही ते बसणार होतं. सुरुवातीचा खर्च जड होता, पण पुढे भरून निघणार होता. विरोध मीच केला. संध्याकाळी बसायला गच्ची उरणार नाही, आणि वीज येतेच आहे की, असं मी भर सभेत म्हणालो. ते सगळ्यांना पटलं, याचा मला अभिमानही वाटला होता.

हे ताईला सांगायचं धाडस झालं नाही. मी मान खाली घालून जेवत राहिलो. तिला वाटलं, मला राखेची किळस आली.

"थांब, खिडक्या लावते," ती ओशाळून म्हणाली. तिनं खिडक्या लावल्या आणि मला उकडू नये म्हणून पंखा मोठा केला.