लहान कढई

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आजारी बायकोला भेटायला येणाऱ्यांना त्यांनीच आणलेली सफरचंदं तळून वाढायला सुरुवात केली. तेव्हा खराडीत आयटी पार्कांचे सांगाडे नुकते उभे राहत होते आणि मार्केट यार्डात स्टिकर लावलेली परदेशी सफरचंदं येऊ लागली होती.

बशी पुढे करताना काका एकच वाक्य बोलत. "तुमचंच आहे, खा."

काका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. बोलणं त्यांना खर्चिक वाटे. जिन्यात कोणी "काय, कुठे निघालात?" विचारलं, तर "खाली" एवढं उत्तर मिळे. घरातलं बोलण्याचं खातं काकूंकडे होतं आणि दोघांच्या वतीने ते त्याच सांभाळत. अर्धांगाच्या झटक्यात काकूंची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऐकू मात्र सगळं येत होतं. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी सतत बोलत राहा."

डॉक्टर गेल्यावर काकांनी मला थांबवलं. मी वर्तमानपत्रात होतो, त्यामुळे शब्दांच्या तक्रारी माझ्याकडे येत.

"अहो पत्रकार, सतत म्हणजे किती?"

आजाऱ्याची भेट आपण सगळ्यांनी घेतलेली आहे. अर्धा डझन सफरचंदं, खुर्चीच्या कडेवर टेकणं, "काळजी घ्या हं," आणि घड्याळाकडे नजर. सुरुवातीला काकूंकडे माणसांची रीघ होती. मग ती आटली. येणारेही पाच मिनिटांत उठत, कारण समोरच्या बाईला बोलता येत नव्हतं आणि शेजारचा माणूस येत असून बोलत नव्हता. सफरचंदं तेवढी साठत गेली. फ्रिजमध्ये, देव्हाऱ्यापुढे, टीव्हीवर. काकू दिवसभर दाराकडे बघत पडून असत.

एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी गेलो तर काका पातेल्यात मैदा कालवत होते.

"हे काय?"

"सफरचंदाचे काप तळतोय. ही करायची."

"कसे करतात ते बघितलंय कधी?"

"बघायला कशाला पाहिजे? जन्मभर ऐकलंय."

ते खरं होतं. काकूंना मुक्याने स्वयंपाक येत नसे. आता साल काढते, आता मधलं बी कोरते, करंगळीएवढ्या जाड चकत्या, मैद्यात चमचाभर तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, थोडी साखर, दूध घालून भज्यांइतपत सरसरीत. हे समालोचन बाहेरच्या खोलीत पेपरामागे बसलेल्या काकांच्या कानावर वर्षानुवर्षं पडत राहिलं. पाककृती त्यांना तोंडपाठ होती. चाळणी कुठे असते ते मात्र माहीत नव्हतं.

पहिला घाणा तेलात सोडला. पीठ एकीकडे गेलं, सफरचंद दुसरीकडे.

"घटस्फोट," मी म्हणालो.

काकांनी दुसरा घाणा सोडला. तेच झालं.

काकूंचा पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतलेला होता. त्या डावा हात चादरीवर घासू लागल्या. घासत राहिल्या. मला वाटलं, पाणी हवं असेल. काका हातात झारा घेऊन दारात उभे राहिले आणि त्या हाताकडे बघत राहिले. मग वळले, चकत्या पंच्यावर पसरल्या आणि एकेक पुसून कोरडी केली. पीठ चिकटलं.

"हे कधी बोललीच नाही ती," काका म्हणाले. संसारात काकूंनी न बोलता केलेली बहुधा ही एकच गोष्ट.

वास जिन्यातून खाली गेला आणि माणसं वर आली. पहिला आला तो दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा नागपूरचा सॉफ्टवेअरवाला. तो खराडीला कामाला होता.

"काका, हे तर ॲपल फ्रिटर्स आहेत ना!"

"असतील. मराठीत खा."

सोसायटीचे सेक्रेटरी स्टिकरवाली सफरचंदं घेऊन आले. "अमेरिकेची आहेत बरं का. महाग पडली."

"तेलात स्टिकर सुटतं," काका म्हणाले.

माणसं पुन्हा येऊ लागली, आणि आता ती बसत. बसावंच लागे. काकांची कढई फोडणीच्या कढल्यापेक्षा जेमतेम मोठी होती. एका वेळी तीन चकत्या मावत, त्याही मंद आचेवर. दोन घाण्यांच्या मधे पाहुण्यांना बोलण्यापलीकडे काम नसे. पाण्याच्या टँकरवरून झालेलं भांडण, सेक्रेटरींच्या मुलाचं मोडलेलं लग्न, सगळं काकूंच्या पलंगाशी सांगून होई. सॉफ्टवेअरवाल्याला ऑफिसातली एक मुलगी आवडत होती. तो थांबला की काकू डाव्या हाताने "पुढे?" अशी खूण करत. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसत असे.

स्वयंपाकघरात भिंतीला एक मोठी कढई टांगलेली होती. मी एकदा आत जाऊन म्हणालो, "काका, ती घ्या ना. एका घाण्यात होईल सगळं."

"होईल."

"मग?"

"मग तुम्ही खाल आणि जाल." त्यांनी चकती उलटली. "मला नाही येत हो बोलायला. तिला ऐकायला लागतं."

बाहेरून सॉफ्टवेअरवाल्याची हाक आली. "काका, अजून किती वेळ?"

"तेल तापतंय!" काका ओरडले.

तेल केव्हाच तापलेलं होतं.

हे दोनेक वर्षं चाललं. सॉफ्टवेअरवाल्याचं लग्न त्याच मुलीशी ठरलं. ते काकूंना आधी कळलं, त्याच्या आईवडिलांना नंतर. त्या हिवाळ्यात काकू गेल्या.

सुतकात तळण करत नाहीत. सुतकाच्या घरी कोणी सफरचंदंही नेत नाही. सुतक फिटल्यावरच्या गुरुवारी मी अर्धा डझन घेऊन गेलो, कारण त्या घरी दुसरं काही न्यायची सवय राहिली नव्हती. पलंग दारातून हलवलेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग होते.

काकांनी पिशवी घेतली. सालं काढली, चकत्या केल्या, पंच्यावर पुसल्या. मी बाहेरच्या खुर्चीत बसलो.

लहान कढई ओट्यावर उपडी ठेवलेली होती. काका स्टुलावर चढले आणि भिंतीवरची मोठी कढई काढली. सगळ्या चकत्या एका घाण्यात तळून झाल्या.