खोकल्याची सुई

विक्रोळीला चाळींच्या वस्तीत माझा दवाखाना होता. एमबीबीएस होऊन चारच वर्षं झाली होती. साधी सर्दी आणि बरेचसे खोकले आपले आपण बरे होतात, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही, हे कॉलेजात शिकले होते. दवाखान्यात बसल्यावर ते टिकेना. वाफ घ्या, विश्रांती घ्या म्हटलं की पेशंट उठून समोरच्या डॉक्टरांकडे जायचा. नवं काही शिकवायला यायचा तो औषध कंपनीचा माणूस. तेव्हा खोकल्यावर पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र असलेलं इंजेक्शन सर्रास दिलं जायचं. मीही द्यायचे.

माझे ब्लाउज शिवणारी बाई मागच्याच चाळीत राहायची. मालवणकडची, तिशीची, नवरा कारखान्यात फिटर, पाच वर्षांची एक मुलगी. श्रावणात ती खोकत आली, अंगात कणकण होती. मी पाच दिवस सुई दिली. तिला हुशारी वाटली, ताप गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा आली. पुन्हा सुई, पुन्हा बरं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या.

"बारीक झालीस गं," मी म्हटलं.

"गणपतीचं शिवणकाम होतं ना, जेवायला वेळ कुठे? डॉक्टरबाई, तुमची सुई लागली की माका बरा वाटता. तीच द्या."

मी तीच दिली.

दिवाळीनंतर ती शिवता शिवता खोकली आणि मांडीवरच्या कापडावर रक्त पडलं. तेव्हा कुठे मी तिचा एक्स-रे काढायला लावला. दोन्ही बाजूंना टीबी होता.

सरकारी रुग्णालयातल्या छातीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः तिला घेऊन गेले. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "आधी काय दिलं होतंत?"

मी सांगितलं.

"स्ट्रेप्टोमायसिन टीबीवरचंच औषध आहे, डॉक्टर. थोडं थोडं दिलंत म्हणून तिला बरं वाटत राहिलं. आजार आत वाढत गेला. आता ते औषध तिला लागू पडेल की नाही, सांगता येत नाही."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी यावर उत्तर लिहिलं होतं. समोर खोकणारी बाई असताना ते आठवलं नाही, इतकंच.

तिने औषधं नेमाने घेतली, पण उतार पडेना. मी आठवड्यातून दोनदा घरी जायचे. लागण होऊ नये म्हणून मुलगी रात्री शेजारणीकडे झोपायची, त्यामुळे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलीच्या झोपेचंच विचारत राहायची. "रात्री उठत नाही ना ती?" मला खूपदा वाटलं, हिला खरं सांगावं. ती माझा हात धरून म्हणायची, "तुमी होतात म्हणून इतकी तरी टिकले." मग माझी जीभ उचलायची नाही. पुढच्या मे महिन्यात ती गेली.

दोनेक महिन्यांनी तिचा नवरा दवाखान्यात आला. खोकला होता. बाही वर करून म्हणाला, "सुई द्या, बाई."

मी सुई दिली नाही. थुंकी तपासायची चिठ्ठी लिहून दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"हिला अशी चिठ्ठी कधी दिली होतीत?"

"दिवाळीनंतर."

"आणि श्रावणात?"

"नाही दिली. द्यायला हवी होती. चूक माझी होती." मग बाकीचंही सगळं सांगितलं. सुयांचं, त्या डॉक्टरांचं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बाही खाली केली, बटण लावलं. "तिला ठाऊक होतं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि चिठ्ठी घेऊन गेला.

त्याची तपासणी चांगली आली, मुलीचीही. ते मला शेजारणीकडून कळलं. माझ्या दवाखान्याची पायरी तो पुन्हा चढला नाही.